सात वाजतांचा समुद्र

गेल्या वैशाखांत माझा नातू सुटीस जामसंड्यास आला होता. तो विद्युत् अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्याच्या अभ्यासाचा विषय असा: वाहती गोष्ट अखंड न मोजतां ठराविक अंतरानें तिचे नमुने घ्यावयाचे, आणि त्या आंकड्यांच्या माळेवरून मूळ गोष्ट ओळखावयाची.

"आजोबा, तुमची वही दाखवा," तो म्हणाला. मी रोज सकाळीं ७ वाजतां देवगडच्या धक्क्यावर जातों व पाणी कोणत्या पायरीला आहे तें टिपून ठेवितों. वाचकांनीं हंसूं नये. निवृत्त मास्तरास दुसरा उद्योग काय! त्या वहीप्रमाणें समुद्र पंधरवड्यांत एकदांच चढतो व एकदांच उतरतो. वस्तुतः भरती सरासरी १२ तास २५ मिनिटांनीं येते. वहींतला एकही आंकडा खोटा नव्हता. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. असें सरकत सरकत तिचा एक फेरा भरावयास जवळजवळ १५ दिवस लागतात, आणि तेवढेंच माझ्या वहींत उतरलें. खऱ्या आवर्तनानें संथ आवर्तनाचें सोंग घेतलें होतें.

सोंग टाळावयाचें तर एका फेऱ्यांत दोहोंहून अधिक नमुने हवेत. क्लॉड शॅनन ह्यांच्या १९४९ सालच्या निबंधांत हा सिद्धान्त आहे. दूरध्वनींत आवाज सेकंदास ८००० वेळां मोजतात तो ह्याच हिशेबानें. आमचे पंचांगकर्तेही सूर्योदयाची तिथि तीच त्या दिवसाची धरितात. जी तिथि दोन सूर्योदयांच्या मधेंच लागून संपते ती गळते. परंतु ती गळाली, हें ते 'क्षय' म्हणून लिहून ठेवितात. माझ्या वहींत तेवढेंही नव्हतें.

नातू गेल्यावर सौ.च्या साखरेच्या चिठ्ठ्या काढल्या. दोन वर्षांच्या, दर महिन्याच्या, सर्व सकाळीं उपाशीं पोटीं घेतलेल्या. सर्व आंकडे ठीक. दुपारच्या आमरसानंतरची एकही नाहीं. पायांची आग होते असें ती सारखी म्हणे, व मी तिच्यापुढें ह्या चिठ्ठ्या धरीत असें.

डॉक्टरांनीं जेवणानंतर दोन तासांनीं रक्त घ्यावयास सांगितलें. आंकडा २४४ निघाला. "मी दुसरें काय सांगत होतें?" एवढेंच ती म्हणाली.

आमरस बंद झाला आहे. पायांची आग अद्याप आहे.