कायद्याची वजनेमापे

ता. १ जुलै २०२४ रोजी आपल्या देशातील फौजदारी कायद्यांची नावे, कलमे व त्यांचा क्रम ही सर्व एका दिवसात पालटली. १८६० सालची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ह्या कायद्यांच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस आज निराळीच गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे. कायदा बदलला म्हणजे त्यातील शब्द व अंक लोकांस सापडतील अशी तजवीजही करावी लागते. ती न केल्यास कायदा जाणत्यांच्याच कपाटात राहतो.

जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२ वे कलम आता १०३ वे झाले. नवे ३०२ वे कलम धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. 'चारशेवीस' हा तर बाजारात शिवीसारखा रुळलेला शब्द. परंतु नव्या संहितेत ४२० वे कलमच नाही, ठकवणूक ३१८ व्या कलमात गेली. बरे, जुने पुस्तक रद्दीत घालावे, तर तेही चालावयाचे नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यास जुनीच दंड संहिता लागू आहे. म्हणजे पुढे कित्येक वर्षे दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवावी लागणार, आणि कोणत्या तारखेच्या कृत्यास कोणते पुस्तक उघडावे हे दाखविणारा जाणता ग्रंथपालही लागणार.

अंक एक वेळ पाठ होतील. शब्दांचे तसे नाही. अडत्याकडे विकण्यासाठी सोपविलेला माल त्याने अप्रामाणिकपणे स्वतःच लाटला, तर तो न्यासभंग. पैसे द्यावयाचेच नाहीत असे आरंभीच मनात धरून, खोटे सांगून माल उचलला, तर ती ठकवणूक. आणि माल रीतसर विकत घेतला, पण पुढे पैसे थकले, तर ते नुसते देणे. त्याची दाद दिवाणी न्यायालयात. हा भेद पुस्तकी नव्हे. दिल्ली रेस क्लबला घोड्यांचा दाणा पुरविणाऱ्याच्या थकलेल्या बिलावरून न्यासभंगाची फिर्याद झाली व क्लबच्या अधिकाऱ्यांवर समन्स निघाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले, आणि इतक्या वर्षांनंतरही न्यायालयांस ह्या दोन गुन्ह्यांतील भेद उमगत नाही याबद्दल खेद व्यक्त केला. न्यायालयांची ही स्थिती, तर पेढीवरच्या व्यापाऱ्याची काय कथा?

चुकीच्या शब्दाची किंमत दोघांसही द्यावी लागते. ऋणको फौजदारीत विनाकारण ओढला जाऊन त्याची पत जाते. आणि धनको फौजदारीच्या नादात राहून मालाच्या किमतीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत गमावून बसतो. आम्हां वर्तमानपत्रकारांचा दोषही येथे कबूल केला पाहिजे. ज्याच्यावर नुसता आरोप आहे त्यास मथळ्यात 'गुन्हेगार' म्हणून मोकळे होणे हे खोट्या वजनाने माल तोलण्यासारखेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपले निकाल संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले, हे स्तुत्य आहे. तथापि संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये वरिष्ठ न्यायालयांची मुख्य भाषा इंग्रजी, आणि आमच्या तालुक्याच्या ग्राहकाची भाषा मराठी. सरकारच्या भाषा संचालनालयाने न्याय व्यवहार कोश केला. पण कोश कपाटात व गरजू रस्त्यावर, तर उपयोग काय? आमची मागणी लहान आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक तालुका ग्रंथालयात जुनी व नवी संहिता, दोहोंच्या कलमांची तुलनात्मक यादी व हा कोश ही चार पुस्तके सर्वांच्या हाती लागतील अशी ठेवावी. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. मग ते अज्ञान घालविण्याचे साधन गावात नसणे, ही सबब सरकारची तरी का चालावी?