पाठांतर नव्हे, लेखन!



परदेशी स्थायिक झालेल्या बौद्ध कुटुंबांना मुलांच्या शिक्षणाविषयी आस्था नाही, असे कोणीही म्हणणार नाही. गणिताची शिकवणी, पोहण्याचा वर्ग, पियानो यांवर सढळ हाताने खर्च होतो. परंतु मुलाने स्वतःच्या शब्दांत स्वतःविषयी काय लिहिले, हे किती घरांत वाचले जाते? १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आठ वर्षांचे मूल व्यासपीठावर येते, वडिलांनी लिहून दिलेले भाषण घडाघडा म्हणून दाखविते आणि टाळ्या पडतात. त्या भाषणात त्याचे स्वतःचे एकही वाक्य नसते. ज्या व्यवस्थेने ज्ञान मुखोद्गत करून मूठभरांच्या ओठांत कोंडले, तिचीच ही रीत आहे. बाबासाहेबांच्या अनुयायांनी ती गिरवावी, यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

आमची परंपरा लेखनाची आहे. १८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो वहीत पडून राहिला नाही. ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापला गेला, म्हणूनच आज आपणापर्यंत पोहोचला. शाळकरी लेखणीला वाचक लाभला की ती काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

हॅमिल्टनच्या प्राथमिक शाळांत आमची मुले लहान वयातच लिहू लागतात. ३० सप्टेंबरला नारिंगी सदरे घालून ती येथील आद्य रहिवाशांवरील अन्यायाचा इतिहास समजून घेतात. जवळच्या ब्रँटफर्ड येथील मोहॉक इन्स्टिट्यूट ही निवासी शाळा १९७० पर्यंत चालू होती. तेथे मुलांची भाषा आणि संस्कृती हिरावून घेतली गेली. इतरांच्या वेदनेवर आमची मुले मनापासून लिहितात. मात्र ‘तुझ्या कुटुंबाची गोष्ट लिही’ असे शिक्षिकेने म्हणताच कित्येक घरांतून सूचना निघते : दिवाळीविषयी लिही, जातीचा विषय नको! हे मौन मुलाला काय शिकविते? आपला इतिहास लज्जास्पद आहे, हेच ना?

‘येथील लोकांना त्यातले काय कळणार?’ असा प्रश्न विचारला जातो. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिले ते परदेशी वाचकांना अस्पृश्यतेची खरी कल्पना यावी म्हणूनच. शाळेत गोणपाटावर वेगळे बसणे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहणे, असे बालपणीचे अनुभव त्यांनी साध्या शब्दांत मांडले. ज्या वाचकाला काही ठाऊक नाही, त्यालाच सांगायचे असते.

मुलाला त्रास होईल, ही भीती मात्र निराधार नाही. टोरांटोच्या शाळामंडळाने २०२३ मध्ये शाळांतील जातीय भेदभावाची दखल घेतली, ती उगाच नव्हे. त्याच वर्षी ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार आयोगाने जातीवर आधारित भेदभाव कायद्याच्या कक्षेत येतो, अशी भूमिका जाहीर केली. म्हणून आम्ही सक्ती सुचवीत नाही. काय लिहावे आणि कोणाला दाखवावे, हे मुलाच्या इच्छेवर असावे. पालकांनी शिक्षिकेला आधी भेटून विषय समजावून द्यावा. परंतु भीतीपोटी मुलाची लेखणीच काढून घेणे, हे संरक्षण नव्हे.

आमची मागणी साधी आहे. रविवारच्या संस्कारवर्गात पाठांतराच्या स्पर्धा बंद करून दरमहा भित्तिपत्रक काढावे. प्रत्येक मुलाचे एक पान असावे. मराठीत, इंग्रजीत, वा दोन्हींत. मोठ्यांनी शुद्धलेखन सुधारावे, विचार सुधारू नयेत. एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने लेखी उत्तर द्यावे. त्या पानांच्या प्रती गावाकडील आजी-आजोबांना पाठवाव्यात आणि त्यांची उत्तरे मुलांपुढे वाचावीत. ज्या आजीला शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही, तिला शेजारच्या मुलीने ते पान वाचून दाखवावे.

१९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले ते मुक्या समाजाला वाचा देण्यासाठी. त्यांच्याच नातवंडांना आम्ही सुशिक्षित मुके करणार आहोत काय? याचे उत्तर प्रत्येक घराने द्यावे.

जयभीम!