साबण, सॅनिटायझर आणि विडी वळणारे हात

कोरोना ओसरला, पण त्याने लावलेली एक सवय आपल्या कार्यक्रमांतून अजून गेलेली नाही. महिला दिन असो की आरोग्य शिबिर, वस्तीतल्या बायकांना वाटायला सॅनिटायझरच्या बाटल्या येतात. फोटो निघतो, देणगीदार खूष. वाटणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. पण सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईच्या हाताला त्या बाटलीचा उपयोग किती, हे आपण संघटनांनी तरी विचारायला हवे.

आधी शास्त्र पाहू. साबण जंतू मारतोच असे नाही. तो त्यांना हातावरून सोडवतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे चिकट मळ आणि त्यात अडकलेले जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. कोरोनासारख्या विषाणूंवरचे चरबीचे वेष्टन तर साबणाने फुटतेच. सॅनिटायझरचे काम वेगळे. त्यात निदान ६० टक्के अल्कोहोल असेल तर ते पुष्कळ जंतू जागीच मारते, पण हातावरून काढून काहीच टाकत नाही. हात तेलकट, मळके असतील तर त्याचे नीट चालत नाही. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस तर त्याला फारसा जुमानत नाही. म्हणजे बाळाची शी धुतल्यावर आणि कणीक मळायच्या आधी साबण-पाणीच हवे.

दवाखान्यातली नर्स एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाते, आशाताई दारोदार फिरते. त्यांचे हात वरवर स्वच्छ असतात आणि नळ जवळ नसतो. तिथे सॅनिटायझर उत्तम. (आशाताईला ते पदरचे पैसे घालून आणावे लागू नये, एवढेच.)

विडीवालीचे तसे नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर बोटे त्यात. निकोटीन कातडीतूनही अंगात जाते. त्याच हातांनी भाकरी थापायची, त्याच हातांनी लेकराला भरवायचे. अशा हातावर सॅनिटायझर चोळले तर तंबाखूची भुकटी ओली होऊन बोटांच्या बेचक्यांत पसरते. ती धुऊनच काढावी लागते.

साबणही महागडा नको. कराचीच्या झोपडवस्त्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्या घरांना साबण आणि हात धुण्याविषयी सतत माहिती मिळाली, तिथे मुलांचे जुलाब आणि न्यूमोनिया दोन्ही सुमारे निम्म्याने कमी झाले. जाहिरातीतला ‘जंतुनाशक’ साबण साध्या साबणापेक्षा काडीचाही सरस ठरला नाही. उलट सॅनिटायझरचा हिशेब पाहा. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने २०० मिलिलिटर बाटलीची कमाल किंमत १०० रुपये ठरवली होती. एका वेळी ३ मिलिलिटर घ्यावे लागते. म्हणजे दर खेपेला दीड रुपया, आणि हात मळके ते मळकेच.

मग साबण वाटून मोकळे व्हावे का? आपल्यातल्याही काही जणी म्हणतात, बायकांना सवय नाही, त्यांना शिकवले पाहिजे. मला हे पटत नाही. एका हात धुण्याला अर्धा लिटर पाणी धरा. पाच माणसे, दिवसातून सहा वेळा, म्हणजे रोजचे १५ लिटर, एक घागर. उजनी भरलेले असतानाही सोलापूरच्या नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी आले आहे. चार दिवसांच्या चार घागरी नुसत्या हातांसाठी कोण भरणार, कुठे ठेवणार? हे काम घरातल्या पुरुषाच्या वाट्याला आलेले मी क्वचितच पाहिले. त्यात मजुरी हजार विड्यांमागे. हात धुवायला उठलेली प्रत्येक वेळ मजुरीतून जाते. बैठकीत एक बाई म्हणाली, “ताई, मला समजत नाही असं वाटतं का तुम्हाला? उठले की विड्या राहतात.”

कायद्याने हे कधी ओळखलेच नव्हते असे नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात, जिथे तंबाखू चाळली वा मिसळली जाते तिथे मालकाने हात धुण्याची सोय करावी अशी तरतूद होती. मात्र त्यातल्या ‘औद्योगिक जागे’च्या व्याख्येतून राहते घर वगळलेले होते. कारखाना घरात आणला, आणि पाणी, साबण, वेळ सगळे बाईच्या खात्यावर टाकले. मालकाचा तेवढा खर्च वाचला.

याच शहरातल्या विडी कामगार बायकांनी संघर्ष करून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे मिळवली, २००६ साली. त्यांना मागणी कशी करायची हे आपण शिकवायची गरज नाही. आपण आपले निवेदन तेवढे बदलावे. वस्तीला रोज पाणी, विड्या जमा करायला बायका ताटकळतात त्या प्रत्येक ठिकाणी नळ आणि साबण, आणि साबणाचा खर्च मजुरीच्या दरात धरलेला. तोवर साठवलेल्या पाण्यात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे, हे सांगत राहू. पण बाटल्यांचे खोके यापुढे आपल्या हातून वाटले जाऊ नयेत.