गोसीखुर्दला राहायचे, नोकरी सांभाळून

‘हिवाळ्यात महिनाभर नागपूरच्या बाजूला यायचा विचार आहे. लेकीचे ऑफिसचे काम घरूनच असते. गोसीखुर्दच्या पाण्याकाठी राहण्याची सोय होईल का?’ अशी विचारणा आता आमच्याकडे वरचेवर होते. पूर्वी लोक विचारायचे, एका दिवसात काय काय बघून होईल? आता विचारतात, तिथे बसून काम होईल का? सहलीत वीज गेली तर मुलांना गंमत वाटते. कामाच्या दिवशी वीज गेली आणि मीटिंग हुकली, तर गोष्ट नोकरीवर येते. आपल्या कितीतरी घरांत लग्नानंतर, बाळंतपणानंतर मुलीची नोकरी टिकली ती या घरबसल्या कामामुळेच. ती पणाला लावून कुणी पाणी बघायला जाऊ नये. पण आधी चौकशी करून गेलात तर दोन्ही साधते.

पहिली गोष्ट नावाची. धरणाचे नाव कुठे गोसीखुर्द, कुठे गोसेखुर्द असे लिहिलेले सापडते, आणि सरकारी कागदावर ‘इंदिरा सागर’ही. मोबाईलवर नकाशा शोधताना सगळी नावे टाकून पाहा. धरण वैनगंगेवर, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे पवनीला यायला ८०-९० किलोमीटर पडतात. रेल्वेने येणाऱ्यांना भंडारा रोड स्टेशन आहे, ते वरठीला. तिथून भंडारा शहर आणि पुढे पवनी. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे या भागातून जायची, पण रूळ रुंद करण्यासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबून ‘पवनी रोडला उतरू’ असे ठरवू नका; चालू वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धे, आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. दादा-दादींना सोबत आणणार असाल तर त्यांचे आधार कार्ड हाताशी ठेवा.

आता मुक्काम. आमचे मत सरळ आहे: पाण्याकाठी राहू नका, पवनी गावात राहा आणि पाण्यावर सुट्टीच्या दिवशी जा. पवनीत बाजार आहे, औषधाचे दुकान आहे, सरकारी रुग्णालय आहे, मोबाईल बिघडला तर दुरुस्त करणारा आहे. काठावरच्या शेतातल्या खोलीतून सूर्योदय सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण तिथली वीज कुठून येते हे आधी विचारा. आपल्याकडे शेतीपंपांची वीज आणि गावठाणाची वीज पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या फीडरवरून येते. शेतीच्या फीडरवर पुरवठा ठरलेल्या तासांचा असतो, कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने. शेतातली खोली त्या फीडरवर असेल तर मालक ‘वीज आहे’ म्हणेल आणि ते खोटेही नसेल. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘खोलीची वीज गावठाणाची की शेतीची? दुरुस्तीसाठी आठवड्यात कोणत्या दिवशी बंद असते? इन्व्हर्टर किती तास चालतो, आणि त्यावर फक्त पंखा-दिवा आहे की प्लगही?’ शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घरूनच आणा. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि मीटिंग तिथेच तुटते.

नेटवर्कचे ‘इथे फुल्ल रेंज असते’ हे उत्तर ऐकून पैसे देऊ नका. ज्या खोलीत बसायचे त्याच खोलीत, दार लावून, ज्या वेळी काम असते त्याच वेळी, अर्धा तास व्हिडिओ कॉल लावून पाहा. संध्याकाळी सात ते दहा अख्खे गाव मोबाईलवर असते. अमेरिकेच्या वेळेने काम करणाऱ्यांनी ती वेळ तपासलीच पाहिजे. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवा. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी डेटा लागतो, म्हणजे दिवसाला दीड-दोन जीबीचा नेहमीचा रिचार्ज दुपारीच संपतो. खोलीत फायबरची लाइन असेल तर उत्तम, तरी सिम हवेच. कंपनीलाही आपण कुठून काम करणार ते आधी लेखी कळवा. काही कंपन्यांना दुसऱ्या ठिकाणाहून लॅपटॉप जोडलेला चालत नाही.

हे सगळे तपासायचे म्हणजे घरातल्या एकाने आधी दोन दिवस येऊन जायला हवे. ते शक्य नसेल तर फक्त पहिल्या आठवड्याचे भाडे द्या, बाकीचे बसल्यावर. पूर्ण महिन्याचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला आम्ही तरी हात जोडून पुढे जातो.

खोली ठरवताना आणखी एक गोष्ट, जी आपल्याच घरांत सांगावी लागते. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा, किती माणसे आहात ते सांगा, आणि घरात गोश्त-मासळी शिजेल हेही सांगा. एका शहरात आमच्याशी फोनवर सगळे ठरले होते, आणि दारात नाव ऐकल्यावर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळाले. सामान आणि लहान मुले रस्त्यावर घेऊन हे ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेले बरे. पवनीच्या बाजूला आम्हाला हा अनुभव आला नाही, उलट शेजारच्या घरातून पहिल्या दिवशी चहा आला. तरी फोनवर सांगण्याची सवय सोडू नका. ओळखपत्रांच्या प्रती आणि भाड्याचा साधा करार तयार ठेवा, आणि पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचे मालकाला आपणच सुचवा. त्याने दोघांनाही निर्धास्त वाटते.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे इथला सूर्य. पवनी मुंबईच्या बरीच पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्योदय आणि सूर्यास्त मुंबईपेक्षा सुमारे २५-२७ मिनिटे आधी होतात. घड्याळ तेच, पण नमाजच्या वेळा सरकतात. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे मगरिब साडेपाचच्या आसपास होते, म्हणजे ऑफिसच्या ऐन वेळेत. असरही तशीच लवकर. मुंबईचे छापील वेळापत्रक भिंतीवर लावून चालणार नाही, मोबाईलवर ठिकाण बदलून घ्या किंवा जवळच्या मशिदीतून वेळा लिहून आणा. कामाच्या कॅलेंडरमध्ये ही पंधरा मिनिटे पहिल्याच दिवशी राखून ठेवली की नंतर रोज परवानगी मागावी लागत नाही. जुम्याच्या दुपारचेही तसेच. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येत हिवाळ्यात शिरतो आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याची शक्यता आहे. महिना ठरवताना ते बघा, कारण रोजे, नवी जागा आणि ऑफिस हे तिन्ही एकदम जड जाते.

कसर नमाजबद्दल विचारणा होते म्हणून एवढेच: हनफी मसलकात एका जागी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा असेल तर नमाज पूर्ण पढायची. आपले कोकणातले बरेच वाचक शाफई आहेत, त्यांच्याकडे ही मुदत चार दिवसांची. महिनाभर एकाच ठिकाणी राहणारा तिथल्या माणसासारखाच झाला. मध्ये चार दिवस दुसरीकडे जाणार असाल तर आपल्या आलिमांना विचारून घ्या.

खाण्यापिण्याची चिंता नाही, पण स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्या. महिनाभर हॉटेलचे जेवण कुणाच्याच पोटाला मानवत नाही, आणि हलालची चौकशी रोज किती जणांकडे करणार? वैनगंगेची मासळी आणि भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, दस्तरखानावर एवढे असले की पुरे. जाताना भिवापूरची मिरची घ्या. पिण्याच्या पाण्याबाबत मात्र कडक राहा. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, ते याच धरणाच्या पाण्यात. निळे दिसते म्हणून मुलांना त्यात डुंबू देऊ नका. पिण्याला शुद्ध केलेले किंवा उकळलेलेच पाणी. आणि मच्छरदाणी आणाच. भंडारा हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे, तो डासांमुळेच पसरतो.

सुट्टीच्या दिवशी काय बघायचे? पवनीतच जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात सापडलेला प्राचीन बौद्ध स्तूप आहे, जुन्या किल्ल्याचा तट आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागूनच आहे, ‘जय’ वाघ इथलाच, २०१६ मध्ये नाहीसा झाला तो. आरक्षण आधी करा, आणि पावसाळ्यात सफारी बंद असते हे लक्षात ठेवा. आंभोऱ्याला नद्यांचा संगम आणि नवा पूल आहे. आठवड्याला एक ठिकाण, त्यापेक्षा जास्त नको. रविवारी दमलेला माणूस सोमवारी काम करू शकत नाही. फजरनंतर फिरायची सवय असेल तर गावातल्या रस्त्याने फिरा, जंगलाच्या कडेने नाही.

धरणाच्या भिंतीकडे बघताना मुलांना एक गोष्ट सांगावी. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते याची पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींवर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायचे ठरले होते. ते पाणी साठवण्यासाठी गावेच्या गावे उठली. आज जिथे बोटीतून फिरावेसे वाटते, त्याखाली कुणाचे अंगण आहे, कुणाचे कब्रस्तान, कुणाचे देऊळ. मोबदल्यासाठी आणि नव्या गावठाणातल्या सोयींसाठी माणसे वर्षानुवर्षे भांडली. शक्य असेल तर खोली अशाच एखाद्या उठून आलेल्या घरात घ्या. भाड्याचे पैसे त्यांच्या हाती जातील, आणि संध्याकाळी त्यांनी बोलायला सुरुवात केली तर लॅपटॉप मिटून ऐका. ‘तुमचे गाव नेमके कुठे बुडाले, दाखवा ना’ असे आपण होऊन विचारू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात इथे पारा ४५ पर्यंत जातो, आणि पावसाळ्यात धरणाचे ३३ दरवाजे उघडले की खालच्या गावांचे रस्ते बंद होतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पूर आला तेव्हा भंडारा शहरातही पाणी शिरले होते. दरवाजे बंद दिसले तरी भिंतीच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरू नये.

परतीचे तिकीट येण्याआधीच काढा. मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि पुण्यावरून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस या दोन्ही गोंदियाहून सुटतात आणि भंडारा रोडला थांबतात, त्यामुळे सामान घेऊन नागपूरला जाण्याची गरज नाही. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. डिसेंबरमध्ये नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन असते. त्या दिवसांत गाड्या भरतात आणि नागपुरात खोलीचे भाडे ऐकून माणूस स्टेशनवरच झोपणे पसंत करील.