गुटगुटीत पिल्लू स्पर्धा

एके काळी आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धा भरायच्या. नाव सुदृढ, पण बक्षीस बहुतेक वेळा मनगटाला वळ्या पडलेल्या, मान कुठे आहे ते शोधावं लागेल अशा बाळालाच मिळायचं. माणसांच्या बाळांबाबत आपण आता थोडे शहाणे झालो आहोत (थोडेच). पण ती स्पर्धा काही बंद पडलेली नाही मंडळी. ती आता कुत्र्यांच्या पिल्लांमध्ये सुरू आहे. रोज संध्याकाळी, सोसायटीच्या बागेत, विनामूल्य प्रवेश. "तुमचा किती महिन्यांचा? पाच? आणि एवढासाच?"

आमचा बंडू लॅब्रॅडॉर आहे. वय पाच महिने, वजन साडेपंधरा किलो. त्याच्या फासळ्या हाताला लागतात. दिसत नाहीत, लागतात, आणि पशुवैद्य बाईंना त्या तशाच हव्या आहेत. पण यावरून गेल्या दोन महिन्यांत आम्ही कंजूष ठरलो, निर्दयी ठरलो, "कुत्रा पाळायची हौस आहे पण खायला घालायची नाही" असंही झालं. आत्या म्हणाली, "मुकं जनावर गं, मागता येत नाही म्हणून उपाशी ठेवायचं का?" (मागता येत नाही? आत्या, पोळ्या होत असताना तू त्याला ओट्याशी बसलेला पाहिलेलं नाहीस.) एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते. ज्यांना पटणार नाही त्यांनी भांडायला यावं, चहा देईन.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ड्राय फूड घेताना आपण दुकानात उलटा प्रश्न विचारतो. आपण विचारतो, "कशाने लवकर भरेल? हाडं कशाने दणकट होतील?" विचारायला हवं ते हे, की कशाने तो सावकाश वाढेल आणि यात कॅल्शियम जास्तीत जास्त किती आहे.

जरा हिशोब करा. लॅब्रॅडॉरचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण चार-पाचशे ग्रॅमचं असतं. वर्ष-सव्वा वर्षात ते तीस किलोच्या घरात जातं, म्हणजे साठ-सत्तर पट. माणसाचं तीन किलोचं बाळ साठ किलोचं व्हायला सतरा-अठरा वर्षं घेतं आणि ती वाढ फक्त वीस पट. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डचं तर विचारूच नका. एवढ्या घाईत जो सांगाडा उभा राहतोय, त्याच्या टोकांना अजून मऊ कूर्चा आहे. ती पक्की व्हायला मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर त्याच्यावर वजनही लादायचं आणि वाढीला टाचही मारायची, याला आपण प्रेम म्हणतो!

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रेट डेनच्या पिल्लांचे दोन गट केले. एकाला हवं तेवढं पौष्टिक खाणं, दुसऱ्याला त्याच्या दोन तृतीयांश. भरपेट खाणारी भराभर वाढली, आणि हाडासांध्यांची दुखणी त्यांच्यातच जास्त निघाली. मग १९८५ मध्ये हॉलंडमधल्या उत्रेख्तच्या हेझविंकल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्याच पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिलं, तर सांगाड्याची वाढ बिघडली. कारण असं, की मोठा कुत्रा गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतो आणि उरलेलं सोडून देतो. कोवळ्या पिल्लाला, साधारण पाच-सहा महिन्यांपर्यंत, हे दार नीट बंदच करता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं आत शिरतं. म्हणजे "जास्त झालं तर शरीर टाकून देईल" हा जो आपला आवडता सिद्धांत आहे, तो नेमका या वयात लागू पडत नाही.

आणि आता कॅल्शियमचं सिरप!

पिल्लू घरी आणलं की जंतांच्या औषधाबरोबर ही बाटली यायलाच हवी असा दंडक आहे. पेट शॉपवाला देतो, ब्रीडर सांगतो, आणि शेजारचे काका स्वतःची उरलेली बाटली घेऊन येतात. खरं सांगायचं तर या बाटलीच्या मागे एक जुनं शहाणपण आहे. आपल्या लहानपणी कुत्र्यांना काय मिळायचं? दूध-भाकरी, आमटी-भात, मटणाच्या दिवशी रस्सा. भात आणि बिनहाडाचं मांस यांत पिल्लाला लागतं त्याच्या मानाने कॅल्शियम फारच कमी, आणि त्यापायी वाकड्या पायांची, साध्या उडीत हाड मोडणारी पिल्लं होत. अशांना डॉक्टर कॅल्शियम देत ते बरोबरच होतं. पण आता तुम्ही पिल्लाचं म्हणून तयार केलेलं, सगळे क्षार आधीच घातलेलं खाद्य देताय. त्याच्यावर पुन्हा सिरप, वर दूध, वर अंड्याच्या टरफलाची पूड? हे म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत घरातल्या प्रत्येकाने येता-जाता चिमूट-चिमूट मीठ टाकण्यासारखं आहे. घरचं शिजवून घालायचं असेल तर जरूर घाला, पण मग क्षारांचं प्रमाण पशुवैद्याकडून आखून घ्या. आणि तयार खाद्य देणार असाल तर बाटली परत करा. मध्ये लोंबकळू नका.

आमच्या सोसायटीत एक सेंट बर्नार्ड आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात सेंट बर्नार्ड का, हा वेगळा विषय, त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहीन. सहा महिन्यांचा असताना तो त्या गुटगुटीत स्पर्धेचा निर्विवाद विजेता होता. दूध, अंडी, सिरप, पिल्लाचं खाद्य, सगळं एकदम. आज तो दीड वर्षाचा आहे आणि चार पायऱ्या चढताना दोनदा बसतो. खुब्याच्या सांध्याच्या दुखण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे सगळं खापर खाण्यावर फोडणार नाही. त्याच्या घरच्यांचं त्याच्यावर किती प्रेम आहे तेही रोज पाहते. पण आईबापांकडून आलेला सांधा आपल्याला बदलता येत नाही. त्यावर किती किलो ठेवायचे ते मात्र आपल्याच हातात असतं. ते लिफ्टशी त्याला हाताने उठवतात तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आता पाकिटाकडे वळू. आपल्याकडे "पेडिग्री" हा शब्द "झेरॉक्स"सारखा झाला आहे, कुठलंही ड्राय फूड म्हणजे पेडिग्री. त्यामुळे कोणतं घेता हा प्रश्नच फार जण विचारत नाहीत. जे विचारतात ते पाकिटाची पुढची बाजू वाचतात. तिथे एक चकचकीत कुत्रा आणि "मजबूत हाडांसाठी अधिक कॅल्शियम" असं काहीतरी असतं. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी ही जाहिरात नाही, धमकी आहे. पाकीट उलटं करा.

मागे "किमान" हा शब्द शोधा. बहुतेक पाकिटांवर कॅल्शियम "किमान १.१ टक्का" अशा भाषेत दिलेलं असतं. किमान! म्हणजे आत १.१ असेल किंवा २.३ असेल, दोन्ही वेळा पाकीट खरंच बोलतंय. प्रथिनांचं किमान कळलं तर उपयोग आहे, पण इथे आपल्याला वरची मर्यादा हवी आणि ती नेमकी छापलेली नाही. अमेरिकेत आफ्को नावाची खाद्यनियंत्रक अधिकाऱ्यांची संघटना पोषणाची प्रमाणं ठरवते. पूर्ण वाढीनंतर ७० पौंड, म्हणजे सुमारे ३१.८ किलो किंवा जास्त वजन होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी त्यांनी २०१६ पासून कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के धरली आहे. बाकीच्यांना २.५ चालते. कमीत कमी १.२ सगळ्याच पिल्लांना हवं. नर लॅब्रॅडॉर बरोबर त्या सीमारेषेवर घुटमळतो, म्हणून मी बंडूला मोठ्यांतच धरते. हे टक्के खाद्यातलं पाणी वजा करून असतात, हीदेखील एक गोम. दाण्यांत साधारण दहा टक्के ओलावा असतो, तेव्हा पाकिटावरचा आकडा ०.९ ने भागा. पाकिटावर १.७ दिसलं की वाटतं, वा, मर्यादेत आहे. भागून बघा, १.८९ येतं.

त्या अमेरिकी नियमांनी चालणाऱ्या पाकिटावर एक बारीक ओळही असते, की हे खाद्य मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसाठी "धरून" आहे की "वगळून". एवढ्या एका शब्दावर पाकीट घ्यायचं की ठेवून द्यायचं ते ठरतं. ती ओळ नसेल तर कंपनीला मेल करा. मी दोन कंपन्यांना केली होती. एकीने दोन दिवसांत कॅल्शियम, फॉस्फरस, दर किलोमागे कॅलरी, सगळे मोजलेले आकडे पाठवले. दुसरीने दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. बंडू कुणाचं खातो ते सांगायला नकोच. (नाव मेलवर विचारा, इथे जाहिरात करणार नाही.)

प्रथिनांबद्दल दोन टोकं ऐकू येतात. जुने ब्रीडर म्हणतात प्रथिनांनी सांधे बिघडतात, नवे जिमवाले म्हणतात जितकं जास्त तितकं चांगलं. १९९१ मध्ये पुन्हा ग्रेट डेनच्याच पिल्लांवर (बिचारे ग्रेट डेन!) कमी-मध्यम-जास्त प्रथिनं देऊन पाहिली गेली आणि हाडांच्या विकारांत फरक आढळला नाही. तेव्हा ती भीती सोडा. सुटं खाद्य, म्हणजे उघड्या पोत्यातून किलोवर तोलून देतात ते, घेऊ नका. लेबल पोत्याबरोबर दुकानात राहतं, आणि आपल्या पावसाळ्यात त्या पोत्यात काय काय उगवत असेल ते देव जाणे. मोठ्या कुत्र्याचं खाद्य पिल्लाला घालून वाढ रोखण्याची युक्तीही काही जण सांगतात. ते खाद्य वाढीसाठी बनवलेलंच नसतं, तेव्हा ती युक्ती त्यांच्यापाशीच राहू द्या.

पण खरी मेख पुढे आहे. उत्तम पाकीट निवडलं आणि वाटी भरभरून घातलं तर सगळं मुसळ केरात. पाकिटावरचा तक्ता ही फक्त सुरुवात. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅम मोजतो (हो, मोजून! हसा) आणि दर आठवड्याला फासळ्या चाचपून कमी-जास्त करतो. तुमचा हात पालथा करून बोटांच्या मागची हाडं चाचपा. फासळ्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावरच्या टेंगळांसारख्या लागल्या तर पिल्लू रोड आहे, आणि तळहातासारख्या मऊ लागल्या तर अभिनंदन, तुम्ही स्पर्धा जिंकलात.

लॅब्रॅडॉरवाल्यांनी तर एक आकडा भिंतीवर लावावा. ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२, आणि सांधेही कमी खाणाऱ्यांचेच जास्त काळ टिकले. अभ्यासाला पैसा कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचा होता. दुकानदारच सांगतोय "कमी घाला", तर ऐकायला काय हरकत आहे?

आत्याच्या ग्लुकोज बिस्किटांचा हिशोब द्यायचा राहिला. एका बिस्किटात साधारण पंचवीस कॅलरी. "दोनच तर दिली" असं म्हणणारी माणसं घरात पाच. दहा बिस्किटं झाली अडीचशे कॅलरी, म्हणजे बंडूच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मग तेवढं खाद्य मी वाटीतून काढते, आणि कंजूष मी ठरते.

गणपतीत सगळे येणारच आहात. मोदक त्याला कुणी देऊ नका. सारणात बेदाणे असतात आणि ते कुत्र्यांना विषारी असतात, हे लेबलाबिबलाच्या आधीचं. काही आणायचंच असेल तर कोवळ्या काकड्या आणा, चकत्या करून मी तुमच्याच हातात देईन. तो त्या कडाकडा चावून खातो आणि शेपटी तेवढीच हलवतो.