वाढत्या अंगाचा स्नोबोर्ड

दर नोव्हेंबरात सिअ‍ॅटलच्या देशी मंडळींमध्ये एक साथ येते. डोंगरात पहिला बर्फ पडल्याचे फोटो फिरायला लागतात, आणि नुकताच पुण्याहून नाहीतर हैदराबादहून आलेला कुणीतरी मला कॉफी मशीनपाशी गाठतो. "तू बोर्डिंग करतोस ना? एक एक्सेल पाठवलीय, जरा नजर टाक." एक्सेलमध्ये चौदा स्नोबोर्ड. लांबी, फ्लेक्स, कोअर, बेस, किंमत, डिस्काउंट, सगळं रंगीबेरंगी कंडिशनल फॉर्मॅटिंगसकट. आणि हा प्राणी आजवर बर्फावर एकदाही उभा राहिलेला नसतो.

मी हल्ली फाईल उघडतच नाही. विचारतो, "बूट घेतलेस?"

"बूट काय, कुठलेही घेईन रे."

इथे माझं डोकं सटकतं. त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी अशीच एक एक्सेल मी स्वतः बनवली होती, माझ्या रूममेटसाठी. तेव्हा माझे दोन सीझन झाले होते. म्हणजे सगळ्यात धोकादायक अवस्था, आपल्याला येतं असं वाटण्याइतपत येत होतं. रूममेट उंच, पण वजन जेमतेम साठ किलो. सेलमध्ये १६० सेंटीमीटरचा, कॅम्बरचा, आत कार्बनच्या पट्ट्या घातलेला कडक बोर्ड अर्ध्या किमतीत मिळत होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, "घेऊन टाक. मऊ बोर्ड घेतलास तर एका वर्षात कंटाळशील. हा पाच वर्षं पुरेल."

दीड दिवस पुरला. स्नोक्वाल्मीच्या बाळबोध उतारावर, जिथे शेजारून चार वर्षांची पोरं सुळकन जात होती, त्याच्या बोर्डाची खालची कड बर्फात रुतली. बोर्ड थांबला, रूममेट थांबला नाही. पडताना हात टेकले आणि उजवं मनगट मोडलं. बरेच आठवडे प्लास्टर, डाव्या हाताने कोड. (कोड रिव्ह्यूमध्ये कुणाला फरक कळला नाही हा भाग वेगळा.) मनगट जुळलं. बोर्ड विकून टाकला. पण तो परत बर्फात आला नाही, तो नाहीच. विचारलं की म्हणतो, "आपलं काम नाही रे ते." मनगटापेक्षा ते वाक्य मला जास्त लागतं, कारण ते त्याचं काम नव्हतं असं नाही. तो बोर्ड त्याचा नव्हता.

आता मूळ दुखणं. आपण सगळे वाढत्या अंगाचे कपडे घालून मोठे झालोय. जूनमध्ये शाळेची पँट खाली चार बोटं दुमडून शिवायची, बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा. पोरगं वाढतंय, दोन वर्षं तरी पुरायला हवं. आईवडिलांचं तेव्हा बरोबरच होतं. मग आपण इंजिनिअर झालो आणि त्याच सवयीला 'फ्यूचर-प्रूफ' म्हणायला लागलो. लॅपटॉपमध्ये जास्तीची रॅम घेतली तर ती गपचूप पडून राहते, कुणाला चावत नाही. जास्तीचा स्नोबोर्ड चावतो.

का चावतो ते बघा. कॅम्बर म्हणजे बोर्ड जमिनीवर ठेवला की मधून कमानीसारखा उचललेला असतो आणि दोन्ही टोकांजवळ बर्फाला टेकतो. त्याने कड घट्ट धरते. ज्याला कड कधी लावायची हे कळतं त्याला ते वरदान. नवशिक्याला ते कळत नसतं, तो बोर्ड सपाट ठेवून घाबरत घसरत असतो, आणि खालची कड जराशी टेकली की तीही तेवढीच घट्ट धरते. रॉकरमध्ये टोकं वर उचललेली असतात, म्हणून चुकीला थोडी माफी मिळते. थोडीच. पार्श्वभाग सुजायचा तो सुजतोच.

दुसरं म्हणजे वळण. सुरुवातीला माणूस वळतो ते एक पाय दाबून बोर्ड ओल्या टॉवेलसारखा किंचित पिळून. मऊ बोर्ड पिळला जातो. कडक, लांब बोर्ड साठ किलोच्या माणसाला दाद देत नाही. आणि लांबी उंचीवरून नाही, मुख्यतः वजनावरून ठरते. हनुवटी ते नाक हा नियम दुकानात सोयीचा आहे, पण कंपन्या प्रत्येक लांबीपुढे वजनाचा पट्टा छापतात तो उगाच नाही. रूममेटला १५०च्या आसपासचा बोर्ड पुरला असता. माझ्या एक्सेलमध्ये वजनाचा कॉलमच नव्हता!

फ्लेक्सचा मात्र होता. १ ते १० आकडे, लाल-हिरवे रंग. पण ही मोजपट्टी ज्या त्या कंपनीची आपापली असते. एकाचा ५ आणि दुसऱ्याचा ५ यांची तुलना म्हणजे दोन टीमच्या स्टोरी पॉइंट्सची तुलना. तसंच बेसचं. सिंटर्ड बेस जास्त वेगात जातो, तेही नेमाने वॅक्स लावलंत तर. पहिल्या वर्षी 'वेग कमी पडतो' अशी तक्रार केलेला माणूस मला अजून भेटायचाय.

'भाडं म्हणजे पैसे पाण्यात' हे आपलं आणखी एक आवडतं. मान्य, भाड्याचे बोर्ड ओरखडलेले असतात, कडा बोथट असतात. पण पहिले सहा-सात दिवस बोथट कड ही सोयच आहे हो! इथली कितीतरी दुकानं अख्ख्या सीझनसाठी बोर्ड भाड्याने देतात. कुठला पाय पुढे ठेवायचा, हा प्रकार मुळात आवडतोय का, इतकंही माहीत नसताना मालक व्हायची घाई कशाला? दोन्ही कडांवर सलग वळता येऊ लागलं की स्वतःचा घ्या. तेव्हा तुम्हाला सांगणारे तुमचे पाय असतील, माझ्यासारखा अर्धवट नाही.

विकत घ्यायचे ते बूट. इथे तर वाढत्या अंगाचा हिशोब पारच उलटा आहे. पाय वाढायचा थांबलेला असतो आणि बूट स्वतःच वाढतो, कारण वापराने आतलं अस्तर दबतं. दुकानात आरामशीर वाटलेला बूट जानेवारीत पखालीसारखा होतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे अलगद टेकायला हवीत, गुडघे वाकवले की मागे सरकायला हवीत, आणि टाच उचलायला गेलं तर उचलता कामा नये. टाच उचलली की तुम्ही चवड्यावर झुकता आणि बोर्ड आपल्या जागी मख्ख. मोजा एकच, पातळ. दोन जोड मोजे घातले की थंडी वाजत नाही हे आजीचं शास्त्र इथे चालत नाही.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात एका इंजिनिअरनेच केली. १९६५ च्या नाताळात मिशिगनमध्ये शर्मन पॉपेनने घरातल्या दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि मुलींना उतारावर सोडलं. त्यातून पुढे 'स्नर्फर' आला. हाताशी जे होतं आणि पोरींना जे झेपेल ते, एवढाच काय तो रिसर्च.

आणि हो, रोलर-स्केटिंगवाले घालतात तसले मनगटाचे गार्ड. मऊ बोर्डावरूनही माणूस हातावरच पडतो. ही ओळही माझ्या एक्सेलमध्ये नव्हती.

यंदाच्या एक्सेलवाल्याला येत्या शनिवारी बूट घालून बघायला घेऊन चाललोय. दोन जोड मोजे आणू नकोस म्हणून बजावलंय. तरी तो आणणारच.