क्वार्टरचे माप कोणी ठरवले?

दारूच्या प्रश्नावर आपण आजवर बोललो ते दुकानाबद्दल. दुकान शाळेपासून किती अंतरावर, परवाना कोणाच्या नावाचा. बाटलीच्या मापाकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतल्या, चाकणच्या चाळींतल्या मैत्रिणींना खरे तर हे माप शिकवायला नको. आजोबांच्या तोंडी नवटाक होती, आता नव्वद आणि क्वार्टर. खंबा घेणारा महिन्याच्या पगाराचा हिशेब करतो, क्वार्टर घेणारा त्या दिवसाच्या हजेरीचा. ती खिशात मावते, वाटेतच संपते आणि घरी येते ती फक्त मारहाण.

ही बाटली आपोआप छोटी झालेली नाही. देशी दारू किती मापाच्या बाटलीत भरायची हे शासनाचे नियम ठरवतात. 10 जून 2025 रोजी मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा किरकोळ विक्रीचे किमान भावही ठरवले. तेही लिटरमागे नव्हे, 180 मिलीमागे : देशी 80 रुपये, धान्यापासूनच्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला 148, विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या इथल्याच मद्याला 205. या वाढीतून 14 हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरला. म्हणजे तिजोरीही क्वार्टरच्याच मापाने मोजते.

रोज एक देशी क्वार्टर, महिन्याला 2400 रुपये. भाव वाढला की पिणे घटते असे सांगितले जाते, काही घरांत घटतही असेल. पण सवय जडलेल्याच्या घरात आधी घटते ते बाईच्या हाती पडणारे पैसे.

वाइनची गोष्ट आठवा. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. कारण द्राक्षबागायतदारांचे हित. दुकान किमान 100 चौरस मीटरचे हवे, कपाट 2.25 घनमीटरचे, त्याला कुलूप हवे. विरोध झाला आणि निर्णय पुढे सरकला नाही. कपाटाचे माप इतके बारकाईने ठरवणाऱ्यांना मजुराच्या खिशातल्या बाटलीचा विचार कधी पडला नाही.

मग छोट्या बाटल्याच बंद करा म्हणायचे का? आमच्यात यावर एकमत नाही. आंध्रात सरकारच्या ‘वारुणी वाहिनी’ योजनेने पाकिटातली अरक गावोगाव पोचवली होती. 1992 मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायकांनी दुकान बंद पाडले, आणि ऑक्टोबर 1993 मध्ये राज्यभर अरकबंदी आली. इकडे मात्र 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. क्वार्टर गेली आणि हातभट्टीची पिशवी आली, तर आपण काय मिळवले?

आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न ‘आडव्या बाटली’चा आहे. 2008 च्या आदेशानुसार वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान होते. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ज्या आल्याच नाहीत, त्या जणू उभ्या बाटलीकडे मोजल्या जातात. शिवाय चाकण, महाळुंगे, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी जणींचे नाव गावच्याच यादीत आहे : बीड, लातूर, नाहीतर थेट बिहार. नवऱ्याची मारहाण इथे, मत तिकडे.

मार्च 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की, सोसायटीच्या आवारात नवे दारू दुकान काढायला सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल. प्रश्न चिंचवड-काळेवाडीतल्या दुकानांवरून निघाला होता. निर्णय चांगलाच. पण ज्या चाळीला सोसायटी नाही, तिची हरकत कोण विचारणार?

परवानाधारक दुकानाला साठ्याची आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. आपल्या वॉर्डात 90 आणि 180 मिलीच्या किती बाटल्या खपल्या, हे माहिती अधिकारात उत्पादन शुल्क कार्यालयाला विचारा. सोबत वस्तीतल्या किती जणींची नावे इथल्या मतदार यादीत नाहीत, तेही दारोदार फिरून मोजा. दोन्ही आकडे आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ते वॉर्डवार छापू आणि यादी दुरुस्त करण्याची मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.